रोजची भाकर आणि प्रभूचे भोजन

प्रायश्चित्तकाळातील पहिला रविवार : अभ्यासलेख



राखेच्या बुधवारी आपण कपाळावर राख घेतली आणि चाळीस दिवसांच्या वाटेला लागलो. या दिवसांत काय सोडायचे, हे आपल्या घरांतून चटकन ठरते. मटण-मासे बंद, कोणाचा चहा बंद, कोणाची तंबाखू बंद. सोडणे चांगलेच आहे. पण सोडलेल्या जागी काय धरायचे, हे पुष्कळदा ठरतच नाही. मग पास्काच्या दुसऱ्या दिवशी आपण जिथून निघालो तिथेच परत येतो.

ख्रिस्तसभा या काळात दोन गोष्टी धरायला सांगते : प्रभूचे भोजन म्हणजे ख्रिस्तयाग, आणि रोजची प्रार्थना. आपल्या मनात या दोन गोष्टींची खाती वेगळी असतात. ख्रिस्तयाग म्हणजे देऊळ, वेदी, फादर आणि रविवार. रोजची प्रार्थना म्हणजे घर, जपमाळ, आजी आणि संध्याकाळ. एक जमले तर दुसऱ्याचे एवढे काय, असे आपल्याला वाटते. आजच्या पाठात आपण एवढेच पाहणार आहोत की या दोन्ही गोष्टी एकाच मागणीने जोडलेल्या आहेत. ती मागणी आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. प्रभूच्या प्रार्थनेत आपण देवाजवळ भाकर मागतो, ती ही मागणी.

१. ही प्रार्थना कुठे ठेवली आहे?

येत्या मंगळवारच्या ख्रिस्तयागात मत्तयच्या सहाव्या अध्यायातून प्रभूची प्रार्थना वाचली जाईल. राखेच्या बुधवारचे शुभवर्तमानही त्याच अध्यायातले होते. घरी बायबल उघडून तो अध्याय सलग वाचा. आधी दानधर्माविषयी शिकवण येते, मग प्रार्थनेविषयी, मग उपवासाविषयी. प्रायश्चित्तकाळाची हीच तीन कामे. प्रभूची प्रार्थना या तिन्हींच्या मधोमध आहे. एका बाजूला दान, दुसऱ्या बाजूला उपवास आणि मध्ये भाकरीची मागणी.

आता ख्रिस्तयागाकडे पाहा. भाकर आणि द्राक्षारस यांवरची मोठी प्रार्थना संपते. तोवर आपण गुडघे टेकलेले असतो. मग उठून उभे राहतो आणि सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतो. त्यानंतर शांतीचे अभिवादन, भाकर मोडणे आणि कम्युनियन. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप संत ग्रेगरी पहिले यांनी रोमच्या उपासनेत या प्रार्थनेला ही जागा दिली. जेवणाचे पान मांडलेले आहे आणि जेवणारा हात पुढे करून मागतो आहे, अशी ती जागा आहे.

म्हणजे घरी दिव्यापुढे बसून आपण जे वाक्य रोज म्हणतो, तेच वाक्य रविवारी वेदीसमोर उभे राहून म्हणतो. घरी मागतो, वेदीपाशी मिळते. सहा दिवस ज्याने काही मागितलेलेच नाही, त्याला सातव्या दिवशी मिळाले तरी काय मिळाले हे कसे कळणार?

२. 'भाकर'

आपल्या भागात भाकर म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगायला नको. पूर्वेकडे बाजरीची, पश्चिमेला घाटाकडे नाचणीची. तिच्यामागे नांगरणी आहे, खुरपणी आहे, जात्यावरचे किंवा गिरणीतले दळण आहे, आणि चुलीच्या धगीत बसलेल्या बाईचे भाजलेले हात आहेत. प्रभूने आपली आठवण सोन्यात ठेवली नाही, दगडात कोरली नाही. माणसाच्या कष्टाने होणाऱ्या आणि रोज संपणाऱ्या या वस्तूत ठेवली. वेदीवरची भाकर गव्हाची असते, फक्त पीठ आणि पाणी. तिच्यात आंबवण नाही, मीठही नाही.

मग ख्रिस्तसभा या साध्या भाकरीला ख्रिस्ताचे शरीर कशी म्हणते? आपल्याकडची मुले शाळेत विज्ञान शिकतात आणि हा प्रश्न विचारतात. विचारलाच पाहिजे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी त्याचे उत्तर असे मांडले. कोणत्याही वस्तूत दोन बाजू असतात : ती वस्तू मुळात काय आहे, आणि ती कशी दिसते, लागते, किती वजनाची आहे. पहिल्याला द्रव्य म्हणू, दुसऱ्याला गुण. रोजच्या व्यवहारात गुण बदलतात आणि द्रव्य राहते. आंबा हिरव्याचा पिवळा होतो, आंबटाचा गोड होतो, पण आंबाच राहतो. वेदीवर याच्या उलट घडते. रंग, चव, आकार, वजन सगळे भाकरीचेच राहते, पण ती मुळात जे होती ते राहत नाही. आता तो ख्रिस्त आहे. सूक्ष्मदर्शकाखाली काही वेगळे दिसणार नाही, कारण सूक्ष्मदर्शक गुणच दाखवतो.

हे उत्तर गूढ उलगडून संपवत नाही. ते एवढेच सांगते की आपला विश्वास बुद्धीच्या विरुद्ध नाही. बाकीचे गुडघे टेकूनच समजते.

३. 'रोजची'

शुभवर्तमाने ग्रीक भाषेत लिहिली गेली. या प्रार्थनेत भाकरीला जे विशेषण लावले आहे, तो शब्द आहे 'एपिऊसिओस'. मत्तय आणि लूक दोघांनीही तोच वापरला. गंमत अशी की हा शब्द या प्रार्थनेबाहेर ग्रीक भाषेत जवळजवळ सापडतच नाही. ओरिजन हे तिसऱ्या शतकातले पंडित, त्यांची भाषा ग्रीकच. तरी त्यांनी लिहून ठेवले की हा शब्द विद्वान वापरत नाहीत आणि सामान्य लोकही वापरत नाहीत. शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा.

चौथ्या शतकाच्या शेवटी संत जेरोम शुभवर्तमानांचे लॅटिन भाषांतर सुधारायला बसले, तेव्हा त्यांनाही हा शब्द अडला. लूकमध्ये त्यांनी त्याचे भाषांतर 'रोजची' असे केले. मत्तयमध्ये त्याच शब्दासाठी त्यांनी दुसरा लॅटिन शब्द योजला, त्याचा अर्थ 'सर्व द्रव्यांच्या पलीकडची'. एकच शब्द, एकच भाषांतरकार, आणि दोन अर्थ : आजच्या पोटाची भाकर आणि स्वर्गातून येणारी भाकर. ख्रिस्तसभेने दोन्ही अर्थ जपून ठेवले. म्हणून भाकर मागताना आपण मुलांच्या पोटासाठीही मागतो आणि ख्रिस्तप्रसादासाठीही मागतो. त्यातले एक भौतिक म्हणून हलके आणि दुसरे आध्यात्मिक म्हणून वजनदार, असे प्रभूने केलेले नाही.

आणि ही भाकर रोजची आहे. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात इस्राएली लोकांना रानात मान्ना मिळाला. अट एकच होती : त्या दिवसापुरताच गोळा करायचा. ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्नाला किडे पडले, वास सुटला. फक्त शब्बाथासाठी आदल्या दिवशी दुप्पट घेण्याची मुभा होती. कणगीत साठवून ठेवता येईल असे देवाने दिले नाही. दिले असते तर लोक पहिल्या आठवड्यानंतर त्याच्याकडे वळले नसते. प्रार्थनेचेही तसेच आहे. मागच्या वर्षीच्या प्रायश्चित्तकाळातली प्रार्थना या वर्षी पुरत नाही.

पहिल्या ख्रिस्ती लोकांना हे माहीत होते. 'दिदाखे' नावाचे एक अतिशय जुने पुस्तक ही प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणायला सांगते, आणि बुधवार व शुक्रवार हे उपवासाचे दिवस ठरवून देते. तिसऱ्या शतकात आफ्रिकेतील कार्थेज शहराचे बिशप संत सिप्रियन यांनी प्रभूच्या प्रार्थनेवर ग्रंथ लिहिला. त्यात ते सांगतात की आम्ही रोज ख्रिस्तप्रसाद घेतो. गंभीर पापामुळे या भाकरीपासून तुटू नये, म्हणूनच ही मागणी रोज करायची.

पुढे मात्र भीती वाढली. लोक ख्रिस्तप्रसाद दुरून पाहू लागले, घेईनासे झाले. शेवटी १२१५ मध्ये लॅटरन येथील चौथ्या धर्मपरिषदेला नियम करावा लागला की प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा, पास्काच्या सुमारास, तो घ्यावा. जे रोजचे होते ते वर्षाचे झाले. ते पुन्हा रोजचे करण्याचे काम पोप संत पायस दहावे यांनी केले. २० डिसेंबर १९०५ च्या आदेशात त्यांनी वारंवार, शक्य असेल तर रोज, ख्रिस्तप्रसाद घेण्याचे आवाहन केले. ख्रिस्तप्रसाद हे सद्गुणांचे बक्षीस नाही, ते दुबळ्यांचे औषध आहे, अशी त्यांची भूमिका होती. गंभीर पाप नसावे आणि हेतू शुद्ध असावा, एवढ्या दोन अटी. १९१० मध्ये त्यांनी लहान मुलांनाही समज येताच कम्युनियनचे दार उघडून दिले.

आपल्या आजी-पणजीच्या काळी कम्युनियन घ्यायचे तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ मध्ये पाण्याची मुभा मिळाली, १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये एका तासावर. त्याच वर्षी मुंबईत अडतिसावी आंतरराष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद परिषद भरली आणि पोप संत पॉल सहावे तिच्यासाठी भारतात आले. भारताच्या भूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. पायऱ्या एकेक करून सोप्या झाल्या. सोप्या झालेल्या वाटेवरून आपण जास्त चालतो का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

४. 'आम्हाला'

प्रार्थनेतला सर्वात विसरला जाणारा शब्द हा आहे. प्रभू आधी सांगतो की खोलीत जा, दार लाव आणि एकांतात प्रार्थना कर. लगेच पुढे तो जी प्रार्थना शिकवतो तिच्यात 'मी' आणि 'मला' कुठेच नाही. दार लावून एकटा बसलेला माणूस 'आम्हाला दे' म्हणतो.

आपल्या लेण्याद्रीला गेलात तर सातव्या लेण्यात थोडे थांबून पाहा. आज तिथे गिरिजात्मजाचे मंदिर आहे आणि लाखो लोक श्रद्धेने पायऱ्या चढून येतात. मुळात तो बौद्ध भिक्षूंचा विहार होता. मधे एक मोठा मंडप, आणि तीन बाजूंना खडकात खोदलेल्या लहान लहान खोल्या. खोली एका-दोघांपुरती, पण प्रत्येक खोलीचे दार मंडपातच उघडते. आपला धर्म वेगळा, त्यांचा वेगळा. तरीही त्या खडकातली रचना पाहून मत्तयचा सहावा अध्याय चांगला समजतो.

जुन्नर परिसरातील लेण्यांमध्ये ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत. त्यांतला एक 'यवन' म्हणवणाऱ्या चिट नावाच्या माणसाचा आहे. यवन म्हणजे ग्रीक, किंवा पश्चिमेकडून आलेला. त्याने संघाला काय दिले? भोजनमंडप. परमुलखातून आलेल्या माणसाने इथल्या लोकांना एकत्र बसून जेवायला जागा करून दिली आणि दगडावर तेवढेच कोरून ठेवले. आपल्या मातीला सामायिक पंगतीची ओळख अशी जुनी आहे.

पंगत मोडली की काय होते, ते संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात सांगतात. ख्रिस्ती लोक प्रभूभोजनासाठी एकत्र जमत. ज्यांच्याकडे होते ते आधीच खाऊन-पिऊन मोकळे होत, आणि ज्यांच्याकडे काही नव्हते ते उपाशी राहत. पौल स्पष्ट सांगतात की हे प्रभूचे भोजन नव्हेच. शब्द बरोबर होते, भाकर होती, द्राक्षारस होता. शेजारच्या उपाशी माणसाकडे पाठ होती.

हे आपल्याला लागू होते का? हे दिवस ऊसतोडीचे आणि कांदा काढणीचे आहेत. उसाच्या फडाकडेला कोप्या घालून राहणारी कुटुंबे आपल्या वाटेवर आहेत. आपल्या शेतात कांदा काढणाऱ्या बाईला मजुरी आज मिळते की बाजार झाल्यावर? आपल्या घरात सगळ्यांना वाढून शेवटी तव्याजवळ बसणारीच्या पानात काय उरते? बांधाच्या दोन फुटांवरून सख्ख्या भावाशी बोलणे बंद आहे आणि आपण दोघेही एकाच रांगेत कम्युनियनला उभे आहोत, असे होत नाही ना? भाकरीच्या मागणीला लागूनच क्षमेची मागणी आहे. दोन्ही एका दमात म्हणायच्या आहेत. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचला जातो, त्याचे सांगणे हेच आहे : देवाला आवडणारा उपवास म्हणजे आपली भाकर भुकेल्यासोबत वाटून घेणे.

५. ज्यांना येता येत नाही त्यांचे काय?

आपली घरे दूरदूर पसरलेली आहेत. रोजच्या ख्रिस्तयागाला येणे सगळ्यांना शक्य नाही. पंपाला वीज रात्रीची असली की पहाटे डोळा लागतो. अंधार पडल्यावर बिबट्याच्या भीतीने उसाच्या कडेने कोणी येत नाही. कोणी अंथरुणाला खिळलेले आहे. काही जण आपल्या परिस्थितीमुळे आज ख्रिस्तप्रसाद घेऊ शकत नाहीत आणि मागच्या बाकावर मान खाली घालून बसतात. अशांना वाटते की आपल्या वाट्याला काहीच नाही. तसे नाही.

गोव्याचे संत जोसेफ वाझ यांची गोष्ट इथे आठवावी. त्यांचा जन्म १६५१ मध्ये बाणावली येथे झाला. सिलोनमध्ये डच सत्तेने कॅथॉलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. १६५८ मध्ये जाफना डचांच्या हाती गेले, तेव्हापासून तिथले लोक धर्मगुरूविना होते. १६८७ मध्ये फादर वाझ वेष बदलून तिथे पोहोचले. असे सांगतात की ते गळ्यात जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागत, आणि ती माळ पाहून कोणाचे डोळे चमकतात ते पाहत. अशी घरे सापडली. तीस वर्षे ज्या घरांत वेदी नव्हती, तिथे प्रार्थना टिकली होती. त्या घरांतूनच रात्री गुपचूप ख्रिस्तयाग पुन्हा सुरू झाला. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांचे निधन झाले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. घरातली प्रार्थना विझली असती, तर त्यांना दार कोणी उघडले असते?

आपल्या पिढीनेही हा अनुभव थोडा घेतला आहे. २०२० च्या प्रायश्चित्तकाळात महामारीमुळे देवळांची दारे बंद झाली. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या रिकाम्या चौकासमोर पावसात उभे राहून पवित्र साक्रामेंताचा आशीर्वाद दिला. त्या वर्षीचा पास्काचा सण आपण घरातच केला. तेव्हा पुष्कळांनी 'आत्मिक कम्युनियन' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. शब्द नवा नाही. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी २००३ च्या ख्रिस्तप्रसादावरील परिपत्रकात त्याची शिफारस केली होती. प्रत्यक्ष घेता येत नसताना मनापासून प्रभूला बोलावणे, एवढाच त्याचा अर्थ. ते कम्युनियनला पर्याय नाही. ती भूक आहे, आणि प्रभू भुकेल्याकडे पाठ फिरवत नाही.

६. या आठवड्यात काय करावे?

१. रोज सकाळी पहिला घास घेण्यापूर्वी प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा. भाकरीच्या मागणीपाशी क्षणभर थांबा आणि घरातल्या प्रत्येकाचे नाव मनात घ्या. मग घराबाहेरच्या एकाचे.

२. बुधवारी आणि शुक्रवारी एक वेळचे जेवण साधे ठेवा. वाचलेले पैसे डब्यात टाका, आणि पवित्र गुरुवारच्या आत एखाद्या गरजू कुटुंबाला कोणाला न सांगता पोहोचवा.

३. ज्या दिवशी ख्रिस्तयागाला येणे जमत नाही, त्या दिवशी घरी पाच मिनिटे शांत बसून आत्मिक कम्युनियन करा.

४. शनिवारी रात्री दुसऱ्या दिवसाचे शुभवर्तमान मोठ्याने वाचा. वाचन घरातल्या लहान मुलाकडे द्या.

५. बरेच दिवसांत पापनिवेदन केले नसेल तर पास्काच्या आधीची गर्दी होण्याची वाट पाहू नका. घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल तर कळवा, ख्रिस्तप्रसाद घरी आणता येतो.

कुटुंबात चर्चेसाठी

• रविवारी कम्युनियनच्या रांगेत उभे असताना आपल्या मनात काय चाललेले असते?
• आपल्या घरात शेवटी कोण जेवते? या आठवड्यात त्यात काय बदल करता येईल?
• 'आम्हाला' म्हणताना आपण कोणाला बाहेर ठेवतो?

प्रार्थना करू या

हे प्रभू येशू, तू भुकेल्यांसोबत जेवलास आणि स्वतःच आमची भाकर झालास. या चाळीस दिवसांत आमची भूक जागी ठेव. शेतात, चुलीपाशी, आजारपणात आणि रस्त्यात तुझी आठवण आम्हाला रोज होऊ दे. आमच्या पानातले दुसऱ्याच्या पानात जाऊ दे. आणि रविवारी तुझ्या मेजापाशी येताना ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, त्याच्यासह आम्हाला येता येऊ दे. आमेन.